पावसाळ्यापूर्वी कोकणातील घराच्या लाकडाची आणि लोखंडाची निगा

कोकण किनाऱ्यावरील घराच्या चौकटी, खिडक्यांचे गज आणि फाटक यांचे रंगकाम एप्रिल-मेमध्येच उरकावे, कारण पाऊस सुरू झाल्यावर ओलसर लाकडावर किंवा लोखंडावर लावलेला रंग पापुद्रे धरून सुटतो. मात्र रंगाची निवड ही नंतरची बाब आहे. पाणी कुठे साचते, हे आधी शोधले पाहिजे.

लाकूड कुजते ते बुरशीमुळे, आणि लाकडातील ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की ती वाढते. म्हणून चौकटीचे पाय, उंबरठ्याचे सांधे आणि पागोळ्यांचे शिंतोडे उडणारा भाग टोच्याने टोचून पाहावा. टोच्या सहज आत गेला, तर तेवढा भाग कापून नवे लाकूड बसवावे. सागवानाचा गाभा टिकाऊ असला तरी बाहेरचा पांढरट भाग लवकर कुजतो, त्यामुळे केवळ सागवान आहे म्हणून निर्धास्त राहणे योग्य नाही. लाकडाची कापलेली टोके सर्वाधिक पाणी शोषतात, तेव्हा तिथे जवसाचे तेल किंवा प्रायमर, शोषले जाणे थांबेपर्यंत, पुन्हा पुन्हा लावावे. जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पाण्यात बुडवून ठेवाव्यात किंवा उघड्यावर पसरून वाळवाव्यात. काजूच्या टरफलाचे तेलही लाकडाला उपयोगी पडते, परंतु ते कातडी भाजते, म्हणून हातमोजे घालावेत.

लोखंडावर खाऱ्या वाऱ्याने बसलेले मीठ हवेतील ओलावा धरून ठेवते. ते न काढता रंग दिल्यास रंगाखाली गंज वाढतच राहतो, म्हणून पृष्ठभाग आधी गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा, सुटा गंज तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने काढावा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर लावावा. कडांवर आणि वेल्डिंगच्या सांध्यांवर रंग पातळ बसतो, तेव्हा तिथे ब्रशने एक जादा हात द्यावा. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर ऑइल पेंट थेट लावू नये. जस्ताशी रासायनिक क्रिया होऊन तो सुटतो, त्यासाठी वेगळा प्रायमर मिळतो. पाइपच्या फाटकाच्या तळाची भोके मोकळी ठेवावीत, अन्यथा ते आतून सडते.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे लोखंडी गज खिडकीच्या खालच्या लाकडात शिरतो ती. तिथे पाणी मुरते, गज गंजून फुगतो, लाकूड चिरते आणि त्या चिरेतून आणखी पाणी आत जाते. जुनी भर खरवडून, जागा वाळवून, गजाच्या बुंध्याला प्रायमर द्यावा आणि फट लवचिक सीलंटने अशी भरावी की पाणी बाहेरच्या बाजूला उतरेल. पहिल्या मोठ्या पावसानंतर या जागा पुन्हा तपासाव्यात आणि जिथे पाणी थांबलेले दिसेल ती जागा खूण करून उघडीप मिळताच दुरुस्त करावी.