झ्यूसचा भाऊ इंद्र की द्यौ? मिथकांतलं साम्य तपासायचं कसं

ग्रीकांचा झ्यूस आणि आपला इंद्र दोघेही वज्रधारी, दोघेही देवांचे राजे. म्हणून लगेच 'मूळ देव एकच' म्हणू नका. वहीत चार रकाने आखा: नाव, काम, सर्वांत जुना उल्लेख, संपर्काचा पुरावा.

नाव तपासताना प्रथमेवर थांबू नका, विभक्ती चालवून पाहा. 'झ्यूस'ची षष्ठी 'दिओस', वेदांतला आकाशदेव 'द्यौः'ची 'दिवः'. संबोधनही जुळतं: ग्रीक 'झ्यू पातेर', ऋग्वेदात (६.५१.५) 'द्यौष्पितः'. ग्रीक आणि संस्कृत ज्या एका जुन्या भाषेतून आल्या, तिच्यातल्या 'द्य'चा ग्रीकमध्ये 'झ' होणं नेमानं घडतं. म्हणजे नावानं झ्यूसचा भाऊ द्यौ, इंद्र नव्हे. मात्र ऋग्वेदात द्यौला एकट्याचं असं एकही सूक्त नाही आणि वज्र गेलंय इंद्राकडे! नाव एका देवाकडे राहतं, काम दुसऱ्याकडे जातं. म्हणून रकाने वेगळे. उषा आणि ग्रीकांची पहाटदेवी एओस इथे नावही जुळतं, कामही. असा दुहेरी मेळ क्वचितच लागतो.

वरुण आणि ग्रीकांचा आकाशदेव उरानोस कानाला गोड लागतात, पण ध्वनिनियमांत बसत नाहीत. खोडून टाका.

खरी घसरण तिसऱ्या रकान्यात होते. ग्रीक वीर अकिलीसची टाच आणि दुर्योधनाची मांडी, म्हणजे अभेद्य देहातली एकच कच्ची जागा, ही जोडी सगळ्यांच्या आवडीची. पण होमरच्या 'इलियड' महाकाव्यात अकिलीस अभेद्य नाहीच. अभेद्य करायला आईनं त्याला पाताळातल्या स्टिक्स नदीत बुडवल्याचा सर्वांत जुना उपलब्ध उल्लेख इ.स. पहिल्या शतकातल्या रोमन कवी स्टेशियसचा. इकडे गांधारीनं पट्टी सोडून दुर्योधनाला वज्रदेह दिल्याची गोष्ट पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत (जुनी हस्तलिखितं ताडून ठरवलेल्या पाठात) सापडत नाही. तिथे वनपर्वात दानव त्याला सांगतात की, तुझं वरचं शरीर वज्राचं, खालचं फुलांचं. मालिकेत पाहिलेला प्रसंग रकान्यात भरलात, तर तुलना दोन उशिराच्या गोष्टींची होते आणि निष्कर्ष मात्र हजारो वर्षांपूर्वीच्या समान वारशाचा निघतो.

जलप्रलयाला तिसरा साक्षीदार लागतो. शतपथ ब्राह्मणातला मनूचा मासा आणि ग्रीकांचा प्रलयातून वाचलेला ड्यूकॅलियन एवढ्यावर भागत नाही. मेसोपोटेमियातली (आजच्या इराकच्या भागातली) लिखित प्रलयकथा दोघांहून जुनी आहे.

उरला संपर्क. विदिशेच्या गरुडस्तंभावर इ.स.पू. दुसऱ्या शतकातला ग्रीक दूत हेलिओदोरस स्वतःला 'भागवत', म्हणजे वासुदेवाचा भक्त, म्हणवतो. तेव्हा साम्य अलेक्झांडरनंतरच्या ग्रंथातच दिसत असेल, तर समान वारशाआधी उसनवारीची शक्यता तपासा.