नातेवाइकाचे मूल सांभाळणाऱ्यांसाठी बालसंगोपन योजना

आई-वडील गमावलेल्या भाच्याला किंवा नातीला सांभाळणारी कुटुंबे सातारा जिल्ह्यात गावोगावी आढळतात. पण त्यासाठी शासन दरमहा अनुदान देते, याची माहिती अनेकांना नसते. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून अठरा वर्षांपर्यंतच्या पात्र बालकासाठी महिन्याला २२५० रुपये मिळतात. (सावित्रीबाईंचे नायगाव याच जिल्ह्यातले, आणि यशवंतला दत्तक घेऊन दुसऱ्याचे मूल त्यांनीही वाढवले होते.)

अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करावा. सोबत बालकाचे व पालकाचे आधार कार्ड, शाळेचा बोनाफाईड दाखला, आई-वडिलांच्या मृत्यूचे दाखले, तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका व बँक पासबुक यांच्या प्रती जोडाव्यात. खरी अडचण बहुधा मृत्यूच्या दाखल्याची असते, कारण मृत्यू पुण्या-मुंबईत झाला असेल तर नोंदही तिथेच असते; म्हणून ते काम सर्वांत आधी हाती घ्यावे. नावांचे स्पेलिंग सर्व कागदांवर सारखे असल्याचीही खात्री करावी.

त्यानंतर गृहचौकशी, म्हणजे घरी येऊन परिस्थितीची पाहणी, होते आणि बाल कल्याण समिती मंजुरीचा आदेश देते. चौकशीच्या वेळी परिस्थिती आहे तशी सांगावी. घरात टीव्ही आहे म्हणून तो झाकून ठेवण्याची गरज नाही.

केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालकांसाठीच्या योजनेत प्रायोजकत्वाची, म्हणजे संगोपनासाठीच्या मदतीची, रक्कम महिन्याला ४००० रुपये आहे, मात्र तिथे ग्रामीण कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ७२,००० रुपये असल्याने दोन्ही योजनांची चौकशी एकाच खेपेत करून घ्यावी.