बीचा आकार कसा मोजावा आणि शब्दांत कसा मांडावा

चिंचोका, गुंज, गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) चपटी बी आणि आंबेमोहोराचा दाणा शेजारी शेजारी ठेवले, तर ते वेगवेगळे आहेत हे लहान मूलही सांगेल. परंतु ते नेमके कशात वेगळे आहेत हे लिहायला बसले की आपल्या हाती ‘गोल’, ‘लांबट’, ‘चपटे’ एवढेच शब्द उरतात. त्यातच मराठीत ‘आकार’ हा शब्द आपण ठेवण आणि लहानमोठेपणा या दोन्ही अर्थांनी वापरतो. या लेखात आकार म्हणजे ठेवण आणि आकारमान म्हणजे लहानमोठेपणा, असा भेद पाळला आहे. मोजमापाच्या वहीतही तो पाळावा.

साहित्य फारसे लागत नाही. व्हर्नियर कॅलिपर (दोन जबड्यांत वस्तू धरून बारीक माप घेण्याचे साधन), भिंग, आलेखाचा कागद आणि मोबाइलचा कॅमेरा किंवा स्कॅनर एवढे पुरे.

बिया गोळा करण्यासाठी पुण्यात दूर जावे लागत नाही. वेताळ टेकडीवर वनीकरणात लावलेल्या गिरिपुष्पाच्या शेंगा उन्हाळ्यात तडकून बिया खाली पडतात, चिंचोके घरातच मिळतात, आणि मंडईत वाल, राजमा, हरभरा हवा तितका असतो. एकाच शेंगेतल्या बिया घेऊ नयेत. शक्यतो अनेक झाडांच्या, पूर्ण पिकलेल्या, न किडलेल्या बिया एकत्र मिसळून त्यांतून डोळे मिटून किमान तीस उचलाव्यात. निवडून ‘चांगल्या दिसणाऱ्या’ बिया घेतल्या की पुढची सर्व आकडेमोड फसवी ठरते. पावसाळ्यातल्या दमट हवेत अनेक बिया ओलावा धरून फुगतात, म्हणून सगळ्या बिया आठवडाभर सावलीत सुकवून, एकाच स्थितीत मोजाव्यात.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि घाईत नेमकी तीच वगळली जाते: बीची दिशा ठरवणे. प्रत्येक बीवर ती फळाला जिथे जोडलेली होती त्या जागेची खूण असते. तिला नाभी म्हणतात. राजम्याच्या आतल्या कडेवरची लहान पांढरट खूण किंवा वालाच्या कडेवरची पांढरी लांब पट्टी म्हणजे नाभीची जागा. अशा कडधान्यांत नाभीला समांतर अंतर ती लांबी, नाभीपासून समोरच्या कडेपर्यंतचे अंतर ती रुंदी, आणि या दोन्हींना काटकोनात असलेले अंतर ती जाडी मानावी. ज्या बीवर नाभी सहज सापडत नाही, तिथे सर्वांत मोठे अंतर लांबी धरावे. मात्र कोणती पद्धत वापरली ते वहीच्या पहिल्याच ओळीत लिहावे. एका व्यक्तीने नाभीवरून आणि दुसरीने सर्वांत मोठ्या अंतरावरून लांबी घेतली, तर एकाच पोत्यातला वाल दोन जातींचा वाटू शकतो.

मोजताना कॅलिपरचे जबडे बीला अलगद टेकवावेत, दाबू नयेत. प्रत्येक बीची तिन्ही मापे मिलिमीटरमध्ये घ्यावीत आणि सरासरीबरोबर सर्वांत लहान व सर्वांत मोठे मापही नोंदवावे. चिंचोके शेंगेत एकमेकांना दाबत वाढतात, त्यामुळे त्यांचे कोपरे आणि कडा बीगणिक बदलतात. तिथे नुसती सरासरी लिहिणे म्हणजे त्या बीचा मुख्य गुणच गाळणे होय.

आता गुणोत्तरे. लांबी भागिले रुंदी हे सर्वांत सोपे, आणि तांदळाच्या व्यवहारात रोजच्या उपयोगाचे. भारतात तांदळाचे वर्ग दाण्याची लांबी आणि हे गुणोत्तर पाहून ठरवतात: लांबी ६ मिमी किंवा अधिक व गुणोत्तर ३ किंवा अधिक असेल तर तो लांब-बारीक दाणा, आणि लांबी ६ मिमीपेक्षा कमी व गुणोत्तर २.५ पेक्षा कमी असेल तर आखूड-जाड. मुळशीचा आंबेमोहोर घरी मोजून पाहावा. आखूड दाण्याची ओळख आकड्यांतून पटते.

जाडी धरायची असेल तर गोलत्व काढावे: लांबी, रुंदी व जाडी यांच्या गुणाकाराचे घनमूळ काढून त्याला लांबीने भागावे. समजा चिंचोका १२, १० आणि ६ मिमी आहे. गुणाकार ७२०, घनमूळ सुमारे ८.९६, म्हणून गोलत्व ०.७५. गिरिपुष्पाची बी समजा १०, १० आणि २ मिमी असेल, तर तेच उत्तर ०.५८ येते. वरून पाहिल्यास ती चिंचोक्यापेक्षा कितीतरी अधिक वाटोळी दिसते, पण जाडी मोजली की ती चकती आहे हे उघड होते.

बाह्यरेषा मोजण्यासाठी छायाचित्र लागते. बिया एकमेकींना न टेकवता विरोधी रंगाच्या कागदावर मांडाव्यात, शेजारी पट्टी ठेवावी आणि ती बीच्या निम्म्या उंचीवर येईल अशी उचलून धरावी; कॅमेऱ्याच्या जवळची वस्तू मोठी दिसते, त्यामुळे कागदावर सपाट ठेवलेली पट्टी जाड बीचे माप वाढवून दाखवते. स्कॅनर वापरल्यास ६०० डीपीआयला (दर इंचात ६०० बिंदू) एक बिंदू सुमारे ०.०४ मिमीचा असतो. तिळासाठी १२०० बरे. इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर प्रत्येक बीचे क्षेत्रफळ व परिमिती देते, आणि त्यांवरून वर्तुळता काढता येते: ४ × π (पाय, सुमारे ३.१४) × क्षेत्रफळ, भागिले परिमितीचा वर्ग. पूर्ण वर्तुळाची वर्तुळता १, चौरसाची ०.७९.

या एकट्या आकड्यावर मात्र विसंबू नये. रुंदीच्या दुप्पट लांबी असलेल्या लंबवर्तुळाची वर्तुळता ०.८४ येते, १० मिमी बाजूच्या आणि १ मिमी त्रिज्येने कोपरे गोलावलेल्या चौरसाची ०.८५. डोळ्यांना पूर्ण वेगळ्या दिसणाऱ्या दोन आकृत्या आकड्यात जवळजवळ एक होतात. लांबी-रुंदीचे गुणोत्तर सोबत लिहिले, पहिल्याचे २ आणि दुसऱ्याचे १, की गोंधळ मिटतो.

शब्द सर्वांत शेवटी लिहावेत. वरून दिसणारी बाह्यरेषा, आडवा छेद, टोके आणि नाभीची जागा या क्रमाने वर्णन करावे: वर्तुळाकार, लंबगोल, अंडाकृती, मूत्रपिंडाकार, चौकोनी, छेद वाटोळा की चपटा, टोक बोथट की चोचीसारखे. उपमा नेमकी असेल तर ती जरूर वापरावी. हरभऱ्याच्या वर्णनात कोनदार देशी दाण्याला मेंढ्याच्या डोक्याची आणि काबुली दाण्याला घुबडाच्या डोक्याची उपमा शास्त्रीय नोंदींतही वापरतात, आणि दाणा हाती घेतल्यावर ती पटते.

मोजलेल्या बिया कागदी पाकिटात ठेवून त्यावर झाडाचे नाव, ठिकाण, तारीख आणि बियांची संख्या लिहावी. गुंज आणि एरंडाच्या बिया विषारी असल्यामुळे त्या पाकिटांवर तसे ठळक लिहून ती मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत आणि हाताळल्यावर हात धुवावेत.