फ्रेटलेस बास घेतला आणि सगळंच बेसूर वाजतंय? या चुका टाळा

फ्रेटेड बास गिटारवर, म्हणजे मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या (फ्रेट) असलेल्या बासवर, हात चांगला बसलेला माणूस पहिल्यांदा पट्ट्या नसलेला फ्रेटलेस घेतो तेव्हा वाजवताना तो खूश असतो, कारण तो घोगरा, गाणारा 'म्वाह' आवाज पहिल्या मिनिटातच ऐकू येतो, आणि मग मोबाईलवर केलेलं रेकॉर्डिंग ऐकलं की चेहरा पडतो. मग "माझा कानच कच्चा आहे" म्हणून बास कोपऱ्यात किंवा सरळ ओएलएक्सवर. थांबा जरा. कान कच्चा असेलही, पण बहुतेक वेळा खरी अडचण म्हणजे फ्रेटेडच्या सवयी जशाच्या तशा इकडे आणलेल्या असतात, आणि ते शोधून काढता येतं.

कसं, तर आधी बघा की सूर चुकतोय तो कुठल्या बाजूला. दहा मिनिटं साधी बासलाइन रेकॉर्ड करा आणि ऐका. कायम उतरलेलाच लागतोय का? की कधी चढा कधी उतरलेला? की खाली ठीक आहे आणि बाराव्या फ्रेटच्या वर गेलं की गडबड? की घरी सगळं बरोबर आणि स्टेजवर बोंब? प्रत्येकाचं कारण वेगळं आहे.

कायम उतरलेला सूर

ही सगळ्यात कॉमन केस. फ्रेटेडवर आपण बोट फ्रेटच्या किंचित मागे ठेवतो, तार टेकते त्या धातूच्या पट्टीवर आणि सूर पट्टी ठरवते, बोट नाही. 1951 साली फेंडरने प्रिसिजन बास बाजारात आणला तेव्हा त्याचा मोठा फायदा हाच होता, की डबल बास (उभा धरायचा मोठा बास) वाजवणाऱ्यांसारखं प्रत्येक सूर शोधत बसायला नको. फ्रेटलेसवर ती पट्टीच नाही, त्यामुळे बोट जिथे, सूर तिथे. म्हणजे फ्रेटची जागा दाखवणारी जी लाइन काही फ्रेटलेसवर आखलेली असते, बोट तिच्या मागे नाही, लाइनवरच.

आकडा सांगतो म्हणजे पटेल. 34 इंच स्केलच्या (वाजणाऱ्या तारेची लांबी) बासवर नटपासून, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून, पहिल्या फ्रेटपर्यंत साधारण 48 मिलिमीटर अंतर असतं आणि अकरा ते बारा या फ्रेटमध्ये जेमतेम 26. एक सेमिटोन म्हणजे 100 सेंट धरले तर नटजवळ एक मिलिमीटर चुकलं की साधारण 2 सेंट जातात, बाराव्या फ्रेटला तेच 4 होतात. पाचव्या फ्रेटला जुन्या सवयीने बोट एक सेंटीमीटर मागे पडलं तर 27 सेंटच्या आसपास सूर उतरला, म्हणजे पाव सेमिटोनपेक्षाही जास्त, आणि हे कुणालाही ऐकू येतं, शेजाऱ्यांनासुद्धा. वर गेल्यावर सूर जास्त हुकतात त्याचं कारणही हेच, तिथे एका मिलिमीटरची किंमत दुप्पट आहे.

आणखी एक, बोटाचा मऊ पसरट भाग टेकवू नका. तार नेमकी कुठे दबली तेच ठरत नाही मग. बोट जरा उभं, टोकाजवळचा भाग वापरा, नखं कापून.

साइड डॉट तपासले का?

फ्रेटेड बासच्या मानेच्या कडेला जे ठिपके असतात ते दोन फ्रेटच्या मधोमध असतात. लाइन नसलेल्या बऱ्याच फ्रेटलेसवर मात्र ते बरोबर फ्रेटच्या जागी असतात, म्हणजे तिसऱ्या फ्रेटचा ठिपका जिथे, तिसऱ्या फ्रेटचा सूर तिथेच. पण सगळ्यांवर नाही! फ्रेट काढून फ्रेटलेस केलेला सेकंड हँड बास असेल तर ठिपके जुन्याच जागी मधोमध राहिलेले असतात, आणि तुम्ही ठिपक्यावर बोट ठेवून अख्खा महिना अर्ध्या घराने खाली वाजवत राहणार. बाराव्याचा हार्मोनिक वाजवा (तार न दाबता बोट नुसतं टेकवून छेडायची), तो जिथे स्वच्छ वाजतो तिथे ठिपका आहे का बघा, एका मिनिटाचं काम आहे.

लाइन असलेल्या बासवर डोळे दुसऱ्या तऱ्हेने फसवतात. पहिल्या-दुसऱ्या फ्रेटकडे आपण तिरकं बघतो, तार फिंगरबोर्डच्या वर असते, त्यामुळे तार आणि लाइन नक्की कुठे भेटतात ते डोळ्याला सरकलेलं दिसतं. मग लोक नीट दिसावं म्हणून बासच आपल्याकडे कलता करतात, मनगट वाकतं आणि बोटं अजूनच तिरकी पडतात. लाइन फक्त पहिल्या सुरासाठी, पुढचं कानावर. आणि हो, लाइन असलेला फ्रेटलेस वाजवणं कमीपणाचं वगैरे काही नाही, फ्रेटलेसचा बादशहा जॅको पास्टोरियस, त्याचा 1962 चा फेंडर जॅझ बास हा मुळात फ्रेट काढून खाचा भरलेलाच होता, लाइना दिसायच्या त्यावर. त्याला चाललं तर आपल्याला न चालायला काय झालं.

कधी चढा, कधी उतरलेला

इथे दोन गोष्टी बघायच्या, बोटांची मांडणी आणि रियाजाची पद्धत.

फ्रेटेडवर 'एका फ्रेटला एक बोट' चालून जातं कारण बोट थोडं तिरकं पडलं तरी फ्रेट सांभाळून घेतो. फ्रेटलेसवर पहिल्या चार फ्रेटमध्ये चार बोटं ताणली की अनामिका आणि करंगळी हमखास मागे पडतात. त्यापेक्षा डबल बासवाल्यांची जुनी पद्धत घ्या, सिमांडलची म्हणतात ती, पहिलं, दुसरं आणि चौथं बोट, तिसरं नुसतं चौथ्याला आधार देतं. तीन फ्रेटचा पल्ला, पुढे जायचं तर अख्खा हात सरकवायचा, बोट ताणायचं नाही. पाचव्या फ्रेटच्या वर गेल्यावर चार बोटं वापरा, खुशाल.

आता रियाज. ट्यूनरच्या सुईकडे बघत वाजवणं ही मोठी चूक आहे, सुई हिरवी होईपर्यंत बोट सरकवत राहायचं आणि समजायचं की सूर लागला. असं केलं की डोळा तयार होतो, कान नाही. आधी वाजवा, ऐका, ठरवा चढाय की उतरलाय, मग सुई बघा.

आपल्याकडे त्यापेक्षा चांगली सोय आहेच, तानपुरा. मोबाईलवर अ‍ॅप लावा, सा लावा आणि खालच्या-वरच्या सप्तकात सा आणि प सावकाश लावत बसा. पण इथे एक गोची आहे जी फारसं कुणी सांगत नाही. तानपुऱ्यावर कान जो शुद्ध गंधार मागतो तो कीबोर्डच्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट खाली असतो, कारण कीबोर्ड आणि फ्रेटेड गिटार हे समान अंतराच्या बारा सुरांवर बसवलेले असतात. तानपुऱ्यावर घोटलेला गंधार बँडमध्ये कीबोर्डच्या मेजर कॉर्डवर लावला की तो उतरलेला वाटणार, आणि खालच्या फ्रेटवर 14 सेंट म्हणजे सहा-सात मिलिमीटरचा मामला आहे. म्हणून सा, प आणि ऑक्टेव्ह तानपुऱ्यावर, पण गंधार, निषाद हे ज्या वाद्यांबरोबर वाजवायचं आहे त्यांचे कॉर्ड लावून घोटा.

मोकळ्या तारा फुकटचा ट्यूनर आहेत तेही विसरू नका. ए तारेवर पाचव्या जागेचा सूर आणि मोकळी डी एकत्र छेडली की चुकलेला सूर 'वाँव वाँव' करून लहरतो, बरोबर लागला की लहर थांबते. आणि ई तारेवर तिसऱ्या जागेचा जी नेमका लागला की मोकळी जी तार न छेडता आपोआप गुणगुणायला लागते, तरफेच्या तारांसारखी. हात लावून ती बंद करून बघा, फरक कळेल.

घसरगुंडी आणि थरथर

फ्रेटलेस हातात आला की प्रत्येक सुराला घसरत जायचा मोह होतो, आणि आपण मींड ऐकत वाढलेली माणसं, त्यामुळे जरा जास्तच. सितारला पडदे आहेत म्हणून तिथे तार आडवी ओढून मींड काढतात, सरोदला पडदे नाहीत म्हणून बोट तारेवरून सरकतं, फ्रेटलेस हा सरोदच्या घराण्यातला. तार आडवी खेचून व्हायब्रेटो केला तर सूर फारसा हलतही नाही आणि लाकडावर मात्र चरे पडतात. बोट तारेच्या दिशेत पुढे-मागे डोलवा, सावकाश.

पण त्याहून वाईट म्हणजे व्हायब्रेटोने बेसूरपणा झाकणं. सूर चुकला की लगेच थरथर सुरू. ऐकणाऱ्याला कळतं बरं का, तेव्हा सूर आधी सरळ लावा, टिकवा आणि मग हलवा. पॉल यंगबरोबर 1983 मध्ये पिनो पॅलाडिनोने वाजवलेला किंवा पॉल सायमनच्या 1986 च्या 'ग्रेसलँड'वर बकिथी कुमालोने वाजवलेला फ्रेटलेस नीट ऐका, घसरणं आहे पण ठिकाण बघून आहे, बाकी सूर खणखणीत सरळ.

'म्वाह' येतच नाही

हा प्रॉब्लेम हाताचा कमी आणि सेटअपचा जास्त असतो. तो आवाज येतो कारण तार बोटाच्या पुढच्या लाकडाला हलकीशी घासत थरथरते. मानेला बाक जास्त असेल किंवा तारा उंच असतील तर ती लाकडापर्यंत पोचतच नाही. मान जवळजवळ सरळ हवी, नटच्या खाचा खोल हव्यात. फ्रेट काढून घेतलेल्या बासमध्ये तर नट हमखास उंच राहून गेलेला असतो, फ्रेटच्या उंचीएवढा. ट्रस रॉड, म्हणजे मानेचा बाक ठरवणारी आतली सळई, एकदम पूर्ण फिरवू नका, पाव फेरा, मग तार परत सुरात लावून तपासायचं. जमत नसेल तर गिटार रिपेअरवाल्याकडे द्या, त्यात लाज नाही.

तारांबद्दल खूप वाद आहेत. राउंडवाउंड म्हणजे खरखरीत गुंडाळलेल्या तारा, आवाज झणझणीत पण लाकूड कानशीसारखं घासतात. जॅको रोटोसाउंडच्या राउंडवाउंड तारा लावायचा हे खरंय पण त्याने फिंगरबोर्डवर बोटींना लावतात ते इपॉक्सी चढवलं होतं, हा अर्धा भाग लोक सोयीस्कर विसरतात. तुमचा बोर्ड रोजवूडचा आणि उघडा असेल तर गुळगुळीत फ्लॅटवाउंड किंवा नायलॉन टेपवाउंड तारा लावा असं माझं मत. फ्लॅटवाउंडचा ताण बहुतेक वेळा जास्त असतो, तेव्हा तारा बदलल्यावर मान पुन्हा तपासायची.

खाली सगळं सुरात आणि वर ठरावीक एकाच तारेवर चुकतंय, तर मग ब्रिजचं सॅडल, म्हणजे खालच्या टोकाला तार टेकते तो सरकणारा तुकडा, बघा. फ्रेट नाहीत म्हणून इंटोनेशन (तार वर-खाली सगळीकडे सुरात राहील अशी सॅडलची जागा) सेट करायची गरज नाही असा एक समज आहे, साफ चूक. बाराव्या लाइनवर नेमकं बोट ठेवून आलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक जुळले पाहिजेत. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे.

घरी बरोबर, स्टेजवर बोंब

तुम्हाला स्वतःचा सूर ऐकू येत नाही, बस एवढंच. ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड, ढोलकी, दोन कीबोर्ड आणि अ‍ॅम्पवर बासचा नॉब फुल्ल, मग नुसती धडधड येते, सूर नाही. सूर मिडमध्ये, म्हणजे मधल्या फ्रिक्वेन्सीत, कळतो. लो थोडं कमी करा, मिड वाढवा, जॅझ बास असेल तर मागचा पिकअप जास्त उघडा, उजवा हात ब्रिजकडे सरकवा. तरीही ऐकू येत नसेल तर त्या कार्यक्रमाला सरळ फ्रेटेड न्या. भांगडा आणि कोळीगीतांच्या मेडलीत तुमचा 'म्वाह' ऐकायला कुणी आलेलं नसतं.

पावसाळा

मुंबई, कोकण, गोवा इथे जून लागला की लाकूड ओल पितं आणि मानेचा बाक बदलतो. फ्रेटेडवर थोडा बदल चालून जातो, फ्रेटलेसवर काल येत असलेला 'म्वाह' आज गायब किंवा अख्ख्या मानेवर खरखर. बॅगेत सिलिका जेल ठेवा, भिंतीला टेकवून ठेवू नका, वाजवून झालं की तारा पुसा, कारण गंजलेली राउंडवाउंड तार बोर्डला अजून लवकर खाते.

पक्कड घेऊन घरीच फ्रेट काढायचेत?

एकुलता एक बास असेल तर नको. पडीक स्वस्तातला असेल तर करा, पण फ्रेट सोल्डरिंग आयर्नने गरम करून हळू उचला, नाहीतर कडेचे टवके उडतात. खाचा रिकाम्या ठेवू नका, फ्रेटच्या पायाने मान आतून ताठ धरलेली असते, ते काढले की मान पुढे वाकते. पातळ लाकडी पट्ट्या चिकटवून भरा. मेपलचा बोर्ड असेल तर वरून कडक फिनिश लागणारच, उघडं मेपल लवकर मळतं आणि झिजतं.

शेवटी एक उलटी तक्रार. काही महिने फ्रेटलेस वाजवून परत फ्रेटेड घेतला की सूर बुजलेला, दबका येतो आणि लोक पिकअपवर, केबलवर संशय घेतात. काही बिघडलेलं नसतं, बोट आता बरोबर फ्रेटच्या डोक्यावर पडतंय. अर्धा सेंटीमीटर मागे घ्या.