राउटरचं सेटिंग पान उघडत नसेल तर

१९२.१६८.१.१ टाकूनही राउटरचं लॉगिन पान येत नाही? बऱ्याचदा आपल्या राउटरचा पत्ताच वेगळा असतो. अंदाजाने आकडे टाकत बसू नका.

१. फोन घरच्या वाय-फायला जोडा, मोबाइल डेटा बंद करा.
२. वाय-फाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कचा तपशील उघडा. ‘गेटवे’ किंवा ‘राउटर’समोर दिसतो तोच खरा पत्ता.
३. तो ब्राउझरच्या वरच्या पट्टीत इंग्रजी आकड्यांत, ठिपक्यांसकट टाका.

युजरनेम-पासवर्ड बहुधा राउटरच्या तळाच्या स्टिकरवर असतो. वाय-फायचा पासवर्ड इथे चालेलच असं नाही.

पासवर्ड जुळला नाही म्हणून रीसेटच्या बारीक भोकात टाचणी मात्र खुपसू नका! इंटरनेट कंपनीने भरलेली जोडणीची माहितीही पुसली जाऊन नेटच बंद पडू शकतं. आधी कंपनीला विचारा.