उद्यमनगरातून समुद्रावर जाणाऱ्या पोरांसाठी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मी डिझेल इंजिन खोलायला शिकलो, मग आंबा घाट उतरून रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासेमारी नौकांवर काम धरलं. आता आयटीआय संपवून आपल्याकडचं कुणी त्या वाटेनं निघालं, की मी त्याच्याशी इंजिनाबद्दल फार बोलत नाही. ते हाताला येतं. आगीबद्दल मात्र बसवून सांगतो.

दुसऱ्या हंगामात एकदा इंजिनरूमच्या फटीतून धूर दिसला. वर्कशॉपची सवय, काय झालंय ते बघायला मी झाकण उचललं. आत कोंडलेल्या आगीला हवा मिळाली आणि भपकन ज्वाळ तोंडावर आली. भुवया जळाल्या. तांडेलानं, म्हणजे नौकेच्या प्रमुखानं, मला मागं ओढून झाकण आपटलं, बाहेरचा डिझेलचा कॉक बंद केला आणि हवेच्या भोकांवर ओल्या गोणपाटांचे बोळे कोंबायला लावले. मग नुसतं थांबायचं. झाकणावर हात ठेवून बघायचं, गरम आहे तोवर उघडायचं नाही. तो अर्धा तास मी अजून विसरलेलो नाही.

कारण साधं होतं. इंजिनाच्या हादऱ्यानं डिझेलची नळी एका पट्टीवर घासून झिजली होती आणि थेंब तापलेल्या एक्झॉस्टवर पडत होते. खाली तेलकट चिंध्या होत्या, त्या मीच टाकलेल्या. उद्यमनगरात चिंधी कोपऱ्यात भिरकावली तरी चालून जातं, आग लागली तर रस्त्यावर पळता येतं. नौकेवर कुठं पळणार?

म्हणून कामावर गेल्या गेल्या नळ्या आणि वायरी हातानं चाचपा, जिथं घासतात तिथं क्लॅम्प लावा. एक्झॉस्टला उष्णतारोधक गुंडाळी हवीच. तळाला साठलेलं तेल रोज उपसा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळला की तळात जाऊन बसतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. सिलिंडर डेकवर, उघड्यावरच ठेवा.

आग विझवायचा सिलिंडर इंजिनरूमच्या आत टांगलेला दिसला तर मालकाशी भांडा, तो दाराबाहेर पाहिजे. पावडरचा असेल तर मधूनमधून उलटा करून हलवा, पावडर हादऱ्यानं घट्ट बसते. फवारा काही सेकंदच टिकतो, म्हणून ज्वाळेच्या बुडाशी मारा. पावडर आग मारते, पण तापलेलं लोखंड थंड करत नाही, त्यामुळे विझल्यावरही नजर हटवू नका. पेटत्या डिझेलवर पाणी ओतू नका. लाकडावर, जाळ्यांवर चालेल, पण ओतलेलं पाणी नौकेतच राहून तिला कलंडवू शकतं, ते उपसत राहा.

आग दिसताच एकानं लाइफजॅकेट वाटावीत आणि नौकेवरच्या व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबर चॅनलवर हाक द्यावी. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. शक्य असेल तर तेव्हाच जा. अंधारात, डोळे मिटून डिझेलचा कॉक सापडेपर्यंत सराव करा. धुरात तो डोळ्यांनी दिसत नाही.