घरी जुळवलेला छोटा पीसी विकायचा तर

मिनी-आयटीएक्स, म्हणजे छोट्या मदरबोर्डावर जुळवलेल्या मशीनला गिऱ्हाईक मुळात कमी. १७ सेंटिमीटरच्या चौकोनी बोर्डासाठी आणि एसएफएक्स या छोट्या आकाराच्या एसएमपीएससाठी (वीज पुरवणाऱ्या डब्यासाठी) जास्तीचे पैसे का मोजायचे, हे ज्याला कळतं तोच ते घेतो, आणि असा माणूस आपल्या गल्लीत क्वचितच सापडतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात नेलंत तर दुकानदार त्याला साध्या टॉवरच्या हिशेबात धरणार. त्यामुळे मशीन परगावी, कुरिअरनेच जाणार हे धरून चाला. उदाहरणाला नेहमीची जुळणी घेऊ: कूलर मास्टर एनआर२०० कॅबिनेट, रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० आयटीएक्स बोर्ड, १६ जीबी रॅम, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड.

‘बिलाच्या सत्तर टक्के मागा’ हा सल्ला जो देतो त्याने अलीकडे काही विकलेलं नाही. प्रत्येक भागाचा आजचा नवा भाव काढा आणि तिथून खाली या. २०२५ च्या अखेरीस रॅम इतकी महागली की जुन्या बिलाचा आकडा निरर्थक झाला. ग्राफिक्स कार्डाचं उलटं: तेवढ्याच वेगाचं नवं कार्ड आज कितीला मिळतं, त्याच्या बऱ्याच खाली मागावं लागतं. कॅबिनेट आणि एसएमपीएस निम्म्यावर धरा. जुळणीची मजुरी, रंगीत दिव्यांचे पंखे यांचे शून्य. आणि कार्ड वेगळं विकायचा मोह आवरा. ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे उरलेलं मशीन चालू करून दाखवताही येत नाही.

जाहिरातीत ‘हलका वापर’ सगळेच लिहितात. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅमचा स्क्रीनशॉट टाका. त्यात एसएसडी किती तास चालली आणि तिच्यावर किती डेटा लिहिला गेला, दोन्ही दिसतं. बिलांचे फोटो द्या, सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे झाकून. भारतात काही ब्रँड वॉरंटीसाठी सीरियल बघतात, काही बिल मागतात, म्हणून मूळ खोके आणि त्यांवरचं डिस्ट्रिब्युटरचं स्टिकर जपा.

डेटा पुसणं सोपं: विंडोजच्या रीसेटमध्ये सगळं काढण्याचा आणि ड्राइव्ह साफ करण्याचा, असे दोन्ही पर्याय निवडा. बायोसला पासवर्ड असेल तर काढा.

आता पॅकिंग. मशिनं मोडतात ती इथेच.

मशीन छोटं आणि घट्ट आहे म्हणून ते आहे तसं खोक्यात घालून पाठवायचं, हा सर्वांत महाग पडणारा गैरसमज. एनआर२०० मध्ये कार्ड आडवं लटकतं आणि त्याचा भार बोर्डावरच्या स्लॉटवर (कार्ड बसतं त्या खाचेवर) आणि मागच्या पट्टीवर असतो. गोदामात खोका एकदा आपटला की स्लॉट बोर्डापासून सुटतो. मोठ्या बोर्डावर दुसरा स्लॉट तरी असतो. आयटीएक्सवर स्लॉट एकच, तो गेला की या कामाला तो बोर्डच बाद. म्हणून कार्ड काढायचंच. स्लॉटची खिट्टी कार्ड आणि कूलरच्या मधल्या चिंचोळ्या जागेत असते, ती प्लॅस्टिकच्या फूटपट्टीने दाबा. स्क्रूड्रायव्हर घालू नका, सटकला तर बोर्डावरच्या रेषा कापतो. कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत घालून त्याच्या मूळ खोक्यात ठेवा.

कूलरचा निर्णय वजनावर. ५६०० सोबत येणारा रेथ स्टेल्थ किंवा नॉक्टुआ एनएच-एल९ए सारखा बुटका कूलर राहू द्या. उंच टॉवर कूलर मात्र काढा, पण मशीन थंड असताना नाही. ५६०० ज्यात बसतो त्या एएम४ सॉकेटच्या जातीत पिना प्रोसेसरला असतात. कूलर आणि प्रोसेसरमधली थर्मल पेस्ट घट्ट असताना कूलर सरळ वर ओढलात तर लीव्हर बंद असूनही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं सिनेबेंच (प्रोसेसरला ताण देणारा प्रोग्रॅम) चालवा, मशीन बंद करून प्लग काढा, स्क्रू सोडवा, कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवा आणि सैल झाला की मगच उचला. प्रोसेसर सॉकेटमध्येच ठेवायचा. सोबत पेस्टची नवी पुडी द्या.

रिकाम्या झालेल्या जागेत गुलाबी अँटिस्टॅटिक बबल रॅप भरा. थर्माकोलचे दाणे पंख्यात अडकतात आणि स्थिर वीजही तयार करतात. काच प्रवासाला नको. काचेचं पॅनेल असलेल्या एनआर२००पी बरोबर स्टीलचंही पॅनेल येतं, ते लावा. काच पुठ्ठ्यांच्या मध्ये धरून वेगळी बांधा. मग कॅबिनेट त्याच्या मूळ फोमसकट मूळ खोक्यात, आणि तो खोका दुसऱ्या जाड खोक्यात, चारी बाजूंना, वर आणि खाली पाच सेंटिमीटर भराव ठेवून.

बाहेरचा खोका ५२ × ३४ × ४६ सेंटिमीटरचा झाला, तर तिन्ही मापांचा गुणाकार ५००० ने भागून भरतात सव्वासोळा किलो. प्रत्यक्ष वजन याहून बरंच कमी असलं तरी कुरिअर बहुधा याच आकड्याचे पैसे लावतं. हा खर्च कोणाचा, ते भाव ठरवतानाच ठरवा. पूर्ण किमतीचा विमा घ्या. बाहेरचा खोका शाबूत असेल तर आतल्या मोडतोडीचा दावा सहसा टिकत नाही. म्हणून सीरियल नंबर दाखवत पॅकिंगचा व्हिडिओ एका दमात, न कापता काढा, आणि गिऱ्हाइकाकडून खोका उघडतानाचा तसाच व्हिडिओ हवा हे आधी सांगा.

पैसे खात्यात दिसल्याशिवाय खोका हलवू नका. तसंच यूपीआयवर पैसे घ्यायला ना पिन लागतो, ना क्यूआर स्कॅन करावा लागतो. तसं करा म्हणणारा माणूस लुटायला आलाय. कमी माहिती असलेला धोका वेगळा आहे: ‘मित्राच्या खात्यातून पाठवतो’. ते पैसे कुणाला फसवून आलेले निघाले, तर सायबर तक्रारीत तुमचं खातं गोठतं. रक्कम गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या नावाच्या खात्यातूनच घ्या. फसलात तर लगेच सायबर हेल्पलाइनला, १९३० वर फोन. परगावच्या गिऱ्हाइकालाही आगाऊ पैसे देताना धाकधूक असतेच. मशीन खोलण्याआधी व्हिडिओ कॉलवर वीस मिनिटं एखादा जड गेम चालवून तापमान दाखवा. त्याचा कुणी ओळखीचा तुमच्या शहरात असेल तर त्यालाच बघायला बोलवा, कदाचित कुरिअरही वाचेल.

कार्ड उभं बसवलेलं असेल आणि त्या व्हर्टिकल माउंटची रायझर केबल (कार्ड स्लॉटला जोडणारी) पीसीआयई ३.० ची असेल तर बायोसमध्ये स्लॉट ‘ऑटो’वरून जेन ३ वर पक्का करा, नाहीतर ३०६० जेन ४ वर चालायला बघेल आणि पडदा काळा राहील. खोक्यात सर्वांत वर मराठीत किंवा गिऱ्हाइकाच्या भाषेत चिठ्ठी ठेवा: कार्ड कसं बसवायचं, त्याची पॉवर केबल कुठली, आणि ठळक अक्षरात, एचडीएमआय केबल कार्डाला लावा, बोर्डाला नाही. ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणून पहिल्याच दिवशी येणारा फोन बहुतेक वेळा यासाठीच असतो.